मामाच्या घरात चौथ्यांदा पाणी शिरलं, आता मदत करावी तर कशी?

मांजराची_भाची:
नमस्कार सगळ्यांना. जरा लांबण लागणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

माझे मामा कळंब तालुक्यात मांजरा नदीच्या काठाला राहतात, धरणाच्या खालच्या अंगाला. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर. 2021 च्या सप्टेंबरात रातोरात पाणी आलं होतं, छातीएवढं. तेव्हा व्याजानं पैसे काढून सगळं परत उभं केलं. मग आला 2025 चा पावसाळा. ऑगस्टमध्ये उंबरा ओलांडून टाचभर आलं, ते कुणी मनावर घेतलं नाही. सप्टेंबरमध्ये एका आठवड्यात दोनदा कमरेएवढं, म्हणजे पहिलं ओसरलं, दोन दिवस खपून सगळ्यांनी रेंदा बाहेर काढला, मामीनं सारवलं, गाद्या उन्हाला टाकल्या आणि त्या वाळायच्या आत परत तेवढंच पाणी. त्या दिवशी मामी जी गप्प झाली ती अजून धड बोलत नाही.

घर म्हणाल तर मागं दोन खण जुनं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मातीच्या भिंती. पुढं दोन खोल्या विटांच्या, वर पत्रे. माणसं सात: मामा, मामी, मामेभाऊ, वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि आजी, तिचं वय ऐंशीच्या पुढं. दुभती म्हैस गेली, सहा पोती ज्वारी गेली, वर्षाची डाळ, फ्रीज, लेकरांची पुस्तकं, कडब्याची गंजी सगळं गेलं. सोयाबीन तर उभंच सडलं.

2021 ला पाहुणेरावळे, टेम्पो भरभरून साड्या, किराणा, कोण कोण आलं. आता नात्यातली माणसं फोनवर म्हणतात "परत का?" जणू यांनीच नदीला बोलावलंय. आणि ही तीच मांजरा बरं का, 2016 ला हिचं धरण कोरडं पडलं म्हणून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा मामा नदीच्या पात्रात झिरा खोदून म्हशीला पाणी पाजायचे.

मी पुण्यात नोकरीला आहे, बऱ्यापैकी पैसे पाठवू शकते. पण मामा घेत नाहीत. म्हणतात "भाचीच्या मी पाया पडतो, तिच्याकडून पैसे घेऊन कुठं फेडू." दोनदा पाठवले, दोनदा परत आले. दिवाळीला गेले तर मलाच चोळीचे पैसे दिले हो त्या ओल्या घरात. मला रडू आवरेना.

विचारायचं हे की पैसे द्यायचे कसे, घर दुरुस्त करावं का जागाच बदलावी, आणि धाकटं लेकरू, सात वर्षांचं, ढग वाजला की दप्तर उचलून माळवदाच्या शिडीवर जाऊन बसतं, खाली यायलाच तयार नसतं, त्याचं काय करावं? अनुभव असलेल्यांनी सांगा. "सगळं ठीक होईल" असं कृपया कुणी लिहू नका.

कळंबकर_गवंडी:
ताई बाकीचं नंतर, आधी एक काम करा. ते लेकरू ज्या शिडीवर बसतंय ती शिडी कोणत्या भिंतीला टेकलीय ते फोन करून विचारा. आत्ता.

मी गवंडीकाम करतो, बाप माळवदं बांधायचा. मातीची भिंत पुरात पडत नाही बऱ्याचदा, पाणी ओसरल्यावर पडते, कधी आठ दिवसांनी कधी महिन्यानं. खालचा दोन-तीन फूट भाग पाणी पिऊन मऊ झालेला असतो आणि वर माळवदाचं वजन, लाकडं, चिपाड, त्यावर फूटभर पांढरी माती, तीही पावसानं भिजून जड झालेली. भिंतीच्या पायथ्याला पोट सुटलंय का, म्हणजे फुगवटा आलाय का ते हात फिरवून बघायचं. उभी चीर वरून खाली गेली असेल, दार चौकटीत बसत नसेल तर त्या खणात कुणी झोपायचं नाही. आजीला तर नाहीच. तुळईखाली लाकडी टेकू द्या, चांगले जाड, खाली फळी ठेवून, नाहीतर टेकू ओल्या जमिनीत घुसतो.

विटांच्या खोल्यांचं सांगतो. लोकं काय करतात, दिवाळी आली म्हणून ओल्या भिंतीला घाईनं सिमेंटचा गिलावा आणि डिस्टेंपर मारतात. ओल आतच कोंडते आणि चार महिन्यांत पोपडे. गिलावा सुटला असेल तिथं खरवडून काढा, भिंत उघडी ठेवा, दारं खिडक्या दिवसभर सताड उघडी. चुना मारला तर चालतो, चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. मातीच्या भिंतीला सिमेंट तर लावूच नका, मातीला मातीच लागते.

आणि काठाची जमीन काळी आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात, त्यामुळं खरं नुकसान उन्हाळ्यात दिसतं. म्हणून आता मोठा खर्च करू नका. मार्चपर्यंत भिंतीवरच्या चिरांवर पेन्सिलनं तारीख घालून खूण करा, चीर त्या खुणेच्या पुढं गेली की समजायचं पाया हलायलाय.

करंटचं विसरू नका. बोर्डात गाळ जातो. मेन बंद, मग वायरमन, मग बाकी सगळं. फ्रीज "चालू होतोय का बघू" म्हणून लावला आणि माणूस गेला असं मी डोळ्यानं बघितलंय.

मांजराची_भाची:
फोन केला. शिडी मागच्या खणालाच टेकलेली होती, पश्चिमेच्या भिंतीला. भावाला लगेच काढायला लावली. फुगवटा आहे म्हणतोय, "वीतभर लांबीचा" पण तो म्हणतो आधीपासूनच असेल. आजी आजपासून पुढच्या खोलीत झोपणार. दादा तुमचे आभार कसे मानू.

पंचायतीतला_माणूस:
गवंडी भाऊंनी बरोबर सांगितलं. मी कागदाचं सांगतो, कारण पाणी एकदा येऊन जातं पण कागद वर्षभर पळवतो.

पहिलं, पंचनामे किती झाले? लोक म्हणतात "झालाय की", पण तो ऑगस्टचा असतो. सप्टेंबरचं नुकसान वेगळं. तलाठ्याकडं, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, जाऊन यादीत नाव कोणत्या तारखेच्या नुकसानीत आहे ते बघा. आणि घर, जनावर, शेती हे तीन वेगळे विषय आहेत. आमच्याकडं एका घराची शेती यादीत लागली आणि म्हैस लागलीच नाही, कारण कुणी सांगितलंच नाही की म्हैस होती.

आपत्तीच्या निकषातले 2025 चे आकडे असे. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार. अंशतः पडझड, पण किमान 15 टक्के, पक्क्या घराला 6500 आणि कच्च्या घराला 4000. दुभती म्हैस किंवा गाय 37 हजार 500, बैल 32 हजार. गोठा 3 हजार. घरात पाणी शिरलं त्याचे कुटुंबाला 10 हजार. ऑक्टोबर 2025 ला राज्याचं पॅकेज जाहीर झालं त्यात जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतचं काम, गाळानं भरलेल्या विहिरीला 30 हजार असं होतं. तुमच्या मामाची विहीर नदीकाठी असेल तर ती नोंद झाली का विचारा, हे हमखास सुटतं.

आता गंमत बघा, 4000 आणि 1 लाख 20 हजार यातला फरक एका शब्दाचा आहे, "अंशतः" का "पूर्ण". मागचे दोन खण आज उभे आहेत म्हणून अंशतः लिहिलं असणार. नंतर भिंत पडली तर लगेच फोटो काढून तहसीलला अर्ज द्या आणि पोच घ्या. फोटोत घराचा दर्शनी भाग, घर नंबर आणि जमलं तर घरातलं माणूस दिसलं पाहिजे. नुसत्या चिखलाचा फोटो कुणाचाही असू शकतो.

म्हैस वाहून गेली, मेलेली सापडली नाही, तर पशुवैद्यकीय डॉक्टरचा दाखला मिळायला अडचण येते. पण कानातला बिल्ला, डेअरीचं दूध घातल्याचं पुस्तक, शेजाऱ्यांचे जबाब यावर पंचनामा होऊ शकतो. डेअरीचं पुस्तक भिजलं असलं तरी डेअरीकडं नोंद असते.

पैसे खात्यावर पडायला यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात बहुतेकदा केवायसी करावी लागते. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही, चिखलात काम करून तर बोटाच्या रेघाच गेलेल्या असतात. एकदा नाही आला म्हणून घरी येऊन बसू नका, बोट बदलून बघा, हात धुऊन तेल लावून दुसऱ्या दिवशी जा.

भिजलेले कागद, सातबारा, पासबुक, दहावीचं सर्टिफिकेट, चिकटले असतील तर ओढून सोडवायचे नाहीत. सावलीत, पंख्याखाली. ताई तुम्ही पुण्यात बसून एक काम करू शकता, सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड, पासबुक सगळं मोबाईलवर घेऊन ठेवा, स्वतःकडं एक प्रत. पुढल्या वेळी कागद नदीत गेले तरी तुमच्याकडं असतील. यात मामाला नाही म्हणता येणार नाही.

आखाड्यावरची_माय:
पोरी तुझ्या पैशाच्या प्रश्नावर कुणी बोलेना म्हणून मी लिहिते, टायपायला वेळ लागतो, चुका पोटात घाल.

भाचीचे पैसे मामा घेणार नाही गं, कुठलाच घेणार नाही, आमच्याकडं पण लग्नात मामा भाचीचे पाय धुतो. तो हट्ट नाही, त्याच्याकडं तेवढंच राहिलंय आता. धान्य गेलं, म्हैस गेली, निदान भाचीला चोळी देणारा मामा तरी राहू दे की त्याला. तू ते पण काढून घ्यायलीस.

त्यापेक्षा म्हैस घे आणि अर्धलीनं लाव त्यांच्याकडं. अर्धल माहीत असेल, जनावर तुझं, सांभाळणं त्यांचं, होणारं पिल्लू निम्मं निम्मं, दूध सांभाळणाऱ्याचं. जुनी रीत आहे, यात कुणी कुणाचे उपकार घेत नाही, उलट "पुण्यात कुठं म्हैस बांधू, तुम्हीच सांभाळा की" असं म्हणून तूच त्यांच्या दारात गेली पाहिजेस. हाळी हंडरगुळीच्या बाजारात मामाला घेऊन जा, त्यांनाच निवडू दे, दातं बघू दे, घासाघीस करू दे. चार माणसांत पारख केली की माणूस ताठ होतो. मुऱ्हा घेऊ नका, तिला खायला फार लागतं, आपली मराठवाडी म्हैस बरी, दूध कमी पण काटक.

पण आज नको. कडबा वाहून गेलाय म्हणतेस, मग ती खाणार काय? आता सोयाबीनची गुळी, म्हणजे भुसा, पण भिजून काळा पडलाय, बुरशी आलेली गुळी खाल्ली की जनावर फुगतं. आधी चारा भर. एकतर माळाकडच्या गावातून विकत आण, नाहीतर रबीची ज्वारी निघेपर्यंत थांब. आमच्या जावेनं पूर ओसरल्यावर आठ दिवसांत गाय आणली, चारा विकत घालून घालून दोन महिन्यांत परत विकली, दोन्हीकडून गेली.

मामीला एकटीला फोन कर. काय हवं असं विचारू नकोस, ती काहीच नको म्हणेल. चूल कशी चालली, पीठ कुठून आणता, पाणी कुठलं पिता असं विचार. मला आमच्या पुरात कुणीतरी चांगली पोळपाट-लाटणं आणि तवा दिला होता, तोवर पंधरा दिवस खिचडी खाऊन लेकरं कंटाळली होती. पहिली भाकर टाकली तेव्हा मला रडू आलं.

औसेकर_93:
सगळे दुरुस्ती दुरुस्ती करायलेत, मी स्पष्ट बोलतो. उठा तिथून. चार वेळा पाणी आलं, पाचव्यांदा येणार नाही याची खात्री कोण देणार? पाटबंधारेच्या नकाशात दोन पूररेषा असतात, निळी म्हणजे 25 वर्षातून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षातून एकदा येणारा. तुमच्या मामाचं घर नक्कीच निळ्याच्या आत असणार. निळ्याच्या आत नवीन बांधकामाला परवानगीच नसते. म्हणजे तिथं तुम्ही जे पैसे घालाल ते पाण्यात, शब्दशः.

मांजराची_भाची:
मामा म्हणतात गाव सोडून माळावर एकटं राहायचं तर मग जगायचं कशाला. माळाला एक एकर मुरमाड रान आहे त्यांचं, नदीपासून दोन किलोमीटर, तिथं पाणी नाही लाईट नाही.

आखाड्यावरची_माय:
औसेकर भाऊ, उठा म्हणणं सोपं असतं.

औसेकर_93:
माय, सोपं नाही ते मला माहीत आहे, नावात 93 उगाच नाही लावलं. किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 ला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यानंतर 52 गावं नव्या जागी बसवली त्यातलं एक आमचं. घरं मजबूत मिळाली, ते खोटं नाही बोलणार. पण रस्ते एवढे रुंद आणि घरं एवढी लांब लांब की म्हातारी माणसं एकमेकांच्या ओट्यावर जायची बंद झाली. आमची आजी जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर जाऊन दिवसभर बसायची, संध्याकाळी आणायला जावं लागायचं. तरीपण मी उठाच म्हणतो, कारण नवीन घरात आम्ही रात्री झोपायला लागलो. आधी पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं कुणी झोपलंच नव्हतं, जरा ट्रॅक्टर गेला तरी सगळे बाहेर.

पण माय म्हणते त्यात पण तथ्य आहे. एकदम उठू नका. माळावर आधी एक खोली बांधा. राहायला नाही, साठवायला. ज्वारीच्या कोठ्या, डाळ, कडबा, कागदपत्रांची पेटी, बियाणं आणि म्हैस पावसाळ्यात तिकडं. घर गावातच ठेवा. पाणी आलं तर माणसं अंगावरच्या कपड्यानिशी निघतील आणि माघारी आल्यावर निदान खायला धान्य असेल. दोन पावसाळे असे गेले की मामा स्वतःच म्हणतील आता इकडंच येऊ म्हणून, किंवा नाही म्हणतील. तुम्ही पुण्यातून ठरवू नका.

कळंबकर_गवंडी:
हे बेस्ट सांगितलं. मुरमाड माळ असेल तर पाया पण कमी लागतो, काळ्या रानासारखं खोल जायची गरज नाही. दहा बाय बाराची पत्र्याची खोली, दगडी जोतं. आणि गावातल्या घराच्या भिंतीवर 2025 चं पाणी कुठवर आलं तिथं ऑईलपेंटची रेघ ओढून तारीख घाला. बोर्ड, फ्रीजचा स्टँड, गॅसचा ओटा, धान्याचं मचाण सगळं त्या रेघेच्या वर एक हात. नाहीतर चार वर्षांनी कुणाला आठवत नाही पाणी कुठवर होतं, मीच तीन घरं बघितलीत, नवा बोर्ड परत गुडघ्याएवढ्यावर.

बाई_जिल्हा_परिषद:
मी प्राथमिक शाळेत शिकवते, गोदाकाठचं गाव आहे. ताई, त्या लेकराचं. दप्तर उचलून पळणं हे वेडेपण नाही, ते त्याच्या बुद्धीनं बरोबरच वागतंय. मागच्या वेळी पुस्तकं गेली, म्हणून यावेळी दप्तर आधी. त्याला "काही होत नाही" म्हणू नका, दोनदा मोठी माणसं असं म्हणाली आणि दोनदा पाणी आलं, आता तो का विश्वास ठेवेल?

आमच्या वर्गात आम्ही असं केलं. प्रत्येकाच्या घरी रेघेच्या वर एक खिळा, दप्तर रोज तिथंच. आणि पाणी आलं तर कुठं जायचं हे लेकरांनी आधी चालत जाऊन बघायचं, आमच्याकडं शाळेची गच्ची होती, तुमच्याकडं कोणाचं तरी स्लॅबचं घर असेल. वाटेत कोणता खांब लागतो, कोणतं लिंब लागतं सगळं. जायचं कुठं हे माहीत झालं की अर्धी भीती उतरते. त्याला कामच द्या, आजीची काठी आणि चष्मा ही तुझी जबाबदारी. तरी दोनेक महिन्यांत अंथरूण ओलं करणं, दचकून उठणं कमी झालं नाही तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा, मनाचे डॉक्टर असतात. मामीसाठी पण विचारा. 14416 ही टेलिमानसची फुकट लाईन आहे, मराठीत बोलता येतं.

आणि पिण्याचं पाणी. आड किंवा विहीर पुरात बुडाली होती का? वरून स्वच्छ दिसलं तरी उपसून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्याशिवाय प्यायचं नाही. आरोग्य सेवकाकडून ओटी टेस्ट करून घ्या, पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. तोवर उकळून. चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर दवाखान्यात "मी पुराच्या चिखलात काम केलंय" हे स्वतःहून सांगा, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय लगेच येतो त्यांना. भिजलेली ज्वारी वाळवून खायची नाही, कितीही जीव तुटला तरी.

मांजराची_भाची:
उशिरा लिहितेय, गावी जाऊन आले चार दिवस.

पंचनाम्याच्या यादीत शेती आणि घर होतं, म्हैस आणि विहीर नव्हती. डेअरीच्या नोंदीची प्रत काढली, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, अर्ज दिला, पोच घेतली. मामाचा अंगठा तिसऱ्या दिवशी उमटला, तेल लावूनच.

मागच्या खणाची पश्चिमेची भिंत आम्ही असतानाच खाली बसली, दुपारी. आवाज पण फार नाही, पोतं टाकल्यासारखा. कुणी नव्हतं तिथं. शिडी जिथं असायची त्याच जागी ढीग. वहिनीनं लेकराला उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. फोटो काढलेत घर नंबरसकट, तहसीलला दिलेत.

माळावरच्या खोलीचं मी बोललेच नाही, भावानं विषय काढला. मामा म्हणाले खोली नको, पण मचाण आणि कोठ्या ठेवायला "चार पत्रे" टाकू. म्हणजे खोलीच, फक्त नाव नको.

म्हशीचं मी आखाड्यावरच्या मायनं सांगितलं तसंच बोलले, पुण्यात कुठं बांधू वगैरे. मामा माझ्याकडं बघून हसले, त्यांना कळलं असणार. मग एकदम म्हणाले अर्धलीत पहिलं पिल्लू मालकाचं असतं, निम्मं-बिम्मं काही नाही, रीत म्हणजे रीत. मी म्हटलं मला चालेल. तर मामी चुलीपासनं म्हणाली, रेडा झाला तर काय करायची ती पुण्यात?

बाजाराला ज्वारी निघाल्यावर जाणार आहोत. खिळा मात्र आजच ठोकला, रेघेच्या वर दीड हात. लेकराचा हात पुरत नाही तिथवर, त्यामुळं खाली एक पाटा ठेवलाय उभं राहायला.